किनारा वाचवायचाय, पण त्यावर घर चालेल का?

‘आवड ठीक आहे हो, पण पोटापाण्याचं काय?’ समुद्र, खाडी, कांदळवन यांत काम करू पाहणाऱ्या मुलांचे पालक हे हमखास विचारतात. पूर्वा (नाव बदललं आहे) सिंधुदुर्गातल्या मच्छीमार घरातली, प्राणिशास्त्राची पदवीधर. वडिलांसोबत माझ्याकडे करिअरचा सल्ला घ्यायला आली होती.

“मला किनारा वाचवायचाय.”

“म्हणजे सकाळी उठून काय करशील?” मी विचारलं.

ती गप्प झाली. माझा भर कृतीवर असतो. काम तपशिलात दिसू लागलं की भीतीलाही आकार येतो, आणि मग तिच्याशी बोलता येतं. म्हणून कासवांच्या हंगामातली कामं तिला लिहून आणायला सांगितली.

यादी चोख होती. पहाटे वाळूवरचा माग काढून घरटं शोधायचं. अंडी काही तासांतच हलवायची, तीही न फिरवता. गर्भ कवचाला आतून चिकटल्यावर अंडं उलटलं तर तो दगावतो. हॅचरीत, म्हणजे अंडी सुरक्षित उबवण्यासाठी केलेल्या कुंपणात, साधारण दीड फूट खोल खड्डा, अंड्यांची संख्या आणि तारखेची नोंद, पुढे 45 ते 60 दिवस राखण.

“आता प्रत्येक कामासमोर लिही, पैसे कोण देतं?”

वनविभागाचं मानधन, संस्थांचे प्रकल्प, आणि वेळाससारख्या गावात कासव महोत्सवाला येणाऱ्या पाहुण्यांची घरगुती राहण्या-जेवणाची सोय. पण जून ते ऑक्टोबर रकाना कोरा. तिथे तिनेच कांदळवन रोपवाटिका आणि नकाशांचं काम भरलं. त्यासाठी क्यूजीआयएस हे नकाशे बनवण्याचं सॉफ्टवेअर शिकावं लागेल. ते मोफत मिळतं.

वडील तरीही अस्वस्थ. शेवटी म्हणाले, “उद्या ह्यां आमकांच नियम शिकवतलां!”

खरी गाठ इथे होती. पैशाच्या काळजीआड, लेक आपल्या माणसांच्या विरुद्ध उभी राहील ही भीती होती. अनेक घरांत मला हेच आढळलंय, आणि ते बोललं गेल्याशिवाय पगाराचे आकडे कामाला येत नाहीत.

मी विचारलं, “जाळ्यात कासव आलं तर काय करता?”

“जाळां कापतंव. दुसरां काय?”

“भरपाई घेतलीत?”

2018 पासून महाराष्ट्रात संरक्षित प्राणी सोडवताना कापलेल्या जाळ्यासाठी 25,000 रुपयांपर्यंत भरपाई मिळते, हे त्यांना ठाऊक नव्हतं. सोडवतानाचे फोटो काढावे लागतात, बोटीचे कागद लागतात, अर्ज करावा लागतो. पूर्वा म्हणाली, “बाबा, वाडीतले अर्ज मी भरते.” ते तिच्याकडे बघतच राहिले. त्या दिवसानंतर पगारावरची चर्चा शांतपणे झाली.

पालकांनो, पदव्युत्तर शिक्षणासाठी कर्ज काढण्याआधी नोव्हेंबर ते मे असा एक अख्खा हंगाम मुलांना किनाऱ्यावर काम करू द्या. पहाटेचं चालणं, कुजलेली अंडी, गावकीतले वाद, सगळं त्यात कळतं. प्रकल्पातल्या नोकऱ्या बहुधा कंत्राटी असतात आणि निधी संपला की थांबतात. सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा. स्थैर्यच हवं असेल तर वनसेवेच्या परीक्षेची तयारी सोबत चालू ठेवता येते. मुलाखतीत संकोच न करता विचारा: कंत्राट किती महिन्यांचं, प्रवासभत्ता वेगळा की पगारातच, बोटीचं भाडं कोण भरतं, अपघात विमा आहे का.