गल्ली कवितेत कशी येते?

प्रश्न : माझे घर जुन्या नाशकात, भद्रकालीजवळ आहे. आमच्या गल्लीत मराठी, उर्दू, गुजराती आणि मारवाडी एका दमात ऐकू येतात. या वस्तीवर मी काही कविता लिहिल्या. पण त्यांत घंटा, अजान आणि सणांची मिठाई एवढेच येते आणि मित्र म्हणतात, हे स्नेहसंमेलनातले समूहगीत वाटते. मराठी कवींनी मिश्र वस्ती कशी रंगवली आहे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मित्रांचा शेरा कठोर असला तरी खोटा नाही. घंटा आणि अजान शेजारीशेजारी मांडल्याने वस्तीतल्या धर्मांची शिरगणती होते, माणसे मात्र एकमेकांशी बोलत नाहीत. नारायण सुर्वे यांची ‘शीगवाला’ ही कविता आपण या दृष्टीने पुन्हा वाचावी. तीत कबाब विकणारा चाचा कवीशी बोलतो आणि त्याची बोली हिंदी क्रियापदाला मराठी प्रत्यय लावून चालते. दोन समाजांचा वर्षानुवर्षांचा शेजार त्या प्रत्ययातच येऊन बसतो, तो निराळा सांगावा लागत नाही. नामदेव ढसाळ यांनी ‘गोलपिठा’ या कवितासंग्रहात (१९७२) मुंबईतल्या कामाठीपुऱ्याच्या, म्हणजे वेश्यावस्तीच्या, परिसरातले शब्द जसेच्या तसे ठेवले. प्रस्तावना लिहिणारे विजय तेंडुलकरही त्यांतल्या कित्येक शब्दांपाशी अडले, आणि एकाच शहरातल्या दोन वस्त्यांमधले अंतर त्या अडण्यातूनच वाचकाला कळते.

नाशिककडे सामग्री कमी नाही. तांबटांच्या हातोड्यांचा ठोका आहे, आणि नाशिकमधल्याच शरणपूरची गोष्ट तर कोणाही कवीला मोह पाडील अशी आहे : एकोणिसाव्या शतकात गुलामगिरीतून सुटलेली आफ्रिकी मुले तिथल्या मिशनमध्ये शिकत होती आणि त्यांतला जेकब वेनराइट १८७४ मध्ये आफ्रिकेत फिरलेल्या डेव्हिड लिव्हिंग्स्टन या ब्रिटिश मिशनरी-प्रवाशाच्या शवाबरोबर इंग्लंडपर्यंत गेला. (हे थोडे विषयांतर झाले, पण मोह मलाही आवरला नाही.)

आपण मात्र गल्लीतच राहावे आणि सणाऐवजी एखादा व्यवहार निवडावा. उधारीची वही कोण कोणाच्या दुकानात ठेवते, नळावर कोणता शब्द सहज निघतो आणि कोणता राखून ठेवला जातो, तणावाच्या दिवसांत कोणाचे शटर आधी खाली येते, हे आपल्याला माहीत आहे. बाहेरच्या कवीला ते दिसणार नाही. आपल्या कवितांत भांडणाची एखादी असेल, तर तीच आम्हाला आधी पाठवावी.