चिरेबंदी: दगड कोणता की बांधणी कोणती?

प्रश्न असा आहे : 'चिरेबंदी वाडा' फक्त काळ्या दगडाचाच असतो का? कोकणातल्या जांभ्याच्या घराला चिरेबंदी म्हटलं तर चुकतं का?

चुकत नाही. चिरा म्हणजे कोन धरून, कडा सरळ करून घडलेला दगड. तो कोणत्या जातीचा, हे या शब्दात येत नाही. देशावर तो बेसॉल्टचा, म्हणजे काळ्या पाषाणाचा. पाथरवट छिन्नी-हातोड्याने तो घडवतो. कोकणात तो जांभ्याचा. जांभा खाणीत असताना मऊ असतो, म्हणून तिथेच त्याचे चिरे पाडतात. हवा लागली की त्यातल्या लोहामुळे तो कडक होत जातो. तिकडे खाणीलाच 'चिरेखाण' म्हणतात, तेव्हा या शब्दावर कोकणाचा हक्क थोडा जास्तच म्हणायचा. समाधीवर बसवलेला दगडही चिराच.

'बंदी' हा फारसीतून आलेला भाग. तटबंदी, फरसबंदीमध्ये आहे तोच. घडीव चिऱ्यांचे सपाट थर, वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावर न येऊ देता रचलेले, ही चिरेबंदी. अनघड दगड मातीत बसवून उभारलेली भिंत दगडी खरी, पण चिरेबंदी नव्हे. नुसते दगड रचून केलेला गडगा तर नव्हेच.

आता थोडा खोडसाळपणा. आपण ज्यांना सरसकट चिरेबंदी म्हणतो त्यातले बरेच वाडे जोत्यापुरतेच, फार तर तळमजल्याच्या बाहेरच्या भिंतीपुरते चिरेबंदी असतात. वर वीट किंवा माती, आणि भार पेलायला लाकडी खांब-तुळया. पुण्याचा शनिवारवाडा पाहा : तटाचा खालचा भाग दगडी, वरचा विटांचा. 1828च्या आगीत आतल्या इमारती गेल्या आणि दगडी जोती तेवढी राहिली.

जाड भिंत सहसा सबंध चिऱ्यांची नसते. बाहेर-आत चिऱ्यांचे दोन पदर आणि मध्ये दगडगोटे, चुना किंवा माती यांची भर. दोन्ही पदरांना सांधणारे आडवे लांब दगड ठरावीक अंतरावर घातले नाहीत तर आत मुरलेल्या पाण्याने भर खचते आणि बाहेरचा पदर पोट काढतो. लोक म्हणतात, 'चिरे सुटले'. प्रत्यक्षात चिरे शाबूत असतात, सुटलेली असते ती बंदी.

यावर सिमेंटने दरजा, म्हणजे चिऱ्यांमधले सांधे, भरणं हा चुकीचा इलाज. चुन्याच्या सांध्यातून ओल बाहेर पडते, सिमेंट ती कोंडतं. मग ती दगडातून वाट काढते आणि क्षार दगडाच्या कडा फोडतात. सच्छिद्र जांभ्यात हे काळ्या दगडापेक्षा लवकर दिसतं. जुना सैल चुना खरवडून, सांधा धुऊन, ओला असतानाच पुन्हा चुन्यानेच भरावा आणि काही दिवस ओला ठेवावा.

'चिरेबंद' आणि 'चिरेबंदी' ही दोन्ही रूपं विशेषण म्हणून चालतात. बांधणीचं नाव म्हणून मात्र 'चिरेबंदी'च.