वाचक विचारतात : बी.एड.चे छात्राध्यापक आणि जिल्हा परिषदेची शाळा

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचे ५० छात्राध्यापक (बी.एड.चे विद्यार्थी) दरवर्षी आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी, जिल्हा परिषदेच्या शाळांत जातात. पाठ होतात, वह्या भरतात. पण सहावीतल्या ज्या मुलाला वाचता येत नव्हतं त्याला नंतरही येत नाही. शाळा म्हणतात, तुमची पोरं आली की आमचा अभ्यासक्रम मागं पडतो. काय करावं?
– प्राध्यापिका, यवतमाळ जिल्हा

उत्तर : शाळांची तक्रार रास्त आहे. गुण पाठांना मिळतात, म्हणून छात्राध्यापक पाठ मोजतो. मूल कुठवर आलं याची नोंद कुणाच्याच वहीत नसते. २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि आंतरवासिता २० आठवड्यांची : पहिल्या वर्षी ४, दुसऱ्या वर्षी १६. हे सोळा आठवडे एकाच शाळेत सलग घालवू द्या. तुकडे केले की मुलांची नावं तोंडपाठ होईस्तोवर निघायची वेळ येते.

सहावी ते आठवीचा पट चाळीसच्या आसपास असेल तर एका शाळेत तीन-चार छात्राध्यापक पुरेत. दहा पाठवले तर मुलांपेक्षा निरीक्षकच जास्त. शाळा निवडताना एस.टी.चं वेळापत्रक समोर ठेवा. उन्हाळ्यात शाळा सकाळची होते आणि पहिली गाडी पोचेपर्यंत निम्मे तास संपलेले असतात.

पहिल्या आठवड्यात पाठ घेऊच नका. प्रत्येक मुलाला एकट्याला बसवून तपासा : अक्षर, शब्द, सोपा उतारा, गोष्ट, गणितात संख्यावाचन, हातच्याची वजाबाकी, भागाकार. एका मुलाला सात-आठ मिनिटं लागतात. वर्गासमोर उभं करून वाचायला लावलं तर येणारं मूलही गप्प बसतं. मग इयत्ता बाजूला ठेवून पातळीप्रमाणे ८ ते १० मुलांचे गट करा आणि परिपाठानंतरचा पहिला तास रोज त्यांना द्या. बाकीचे तास नेहमीप्रमाणे शाळेच्या शिक्षकांचे, म्हणजे अभ्यासक्रम अडत नाही. दर पंधरा दिवसांनी पुन्हा तपासून मुलं वरच्या गटात हलवा. गाडं अडतं ते इथं. एकदा पाडलेले गट वर्षभर तसेच राहतात आणि खालच्या गटाला ‘ढ’ हे नाव चिकटतं.

प्रत्येक तपासणी नोंदवहीत लिहा. अंतर्गत गुणांतले काही या नोंदवहीला द्या, पण नोंदीच्या खरेपणाला. मुलांच्या प्रगतीला गुण ठेवलेत तर महिन्याभरात सगळा तालुका कागदावर वाचू लागेल! शेवटच्या दिवशी वहीची प्रत वर्गशिक्षकांच्या हाती गेलीच पाहिजे.

शाळेशी करार पानभर पुरे. परवानगी शिक्षणाधिकाऱ्यांची (प्राथमिक), पत्र गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांमार्फत. त्यात एक वाक्य स्पष्ट लिहा : शिक्षक मतदार यादीच्या कामाला गेले म्हणून छात्राध्यापकाकडे अख्खा वर्ग सोपवायचा नाही. नंतर शाळा व्यवस्थापन समितीपुढे जा. येल विद्यापीठाचे मनोविकारतज्ज्ञ जेम्स कोमर यांनी १९६८ मध्ये अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरातल्या गरीब वस्तीच्या दोन शाळांत सुधारणेचं काम सुरू केलं. तिथं मुख्याध्यापक, शिक्षक आणि पालक एकत्र बसून ठरवत. निर्णय सहमतीनं आणि दोष कुणावर ढकलायचा नाही, हा नियम. आपल्याकडे ७५ टक्के सदस्य पालक असलेली ही समिती कायद्यानंच दिलेली आहे. फक्त तिची बैठक दुपारी ठेवून कुणाची मजुरी बुडवू नका.

प्रश्न : छात्राध्यापक दिवाळीनंतर येतात. तेव्हा कापूस वेचणी सुरू असते, अर्धा वर्ग रिकामा. उपस्थिती कशी वाढवावी?
– मुख्याध्यापक, वर्धा जिल्हा

उत्तर : आधी तारखा बदलून पाहा. निंदण-डवरणी आटोपल्यापासून सोयाबीन काढणीपर्यंत, म्हणजे पोळ्याच्या आगेमागे, कामाचा जोर थोडा कमी असतो. पहिल्या वर्षीचे ४ आठवडे तिथं बसवा. सोळा आठवडे मात्र वेचणीत सापडणारच. वेचणीची मजुरी किलोवर असल्यानं पोरांचे हातही घरी मोलाचे ठरतात, आणि मोठी मुलगी धाकट्याला सांभाळायला थांबते. ती भावाला घेऊन आली तर परत पाठवू नका. मागं चटई टाका, अंगणवाडी सुटल्यावर निदान तास-दीड तास ती बसेल. आठवडाभर चालणारी पाठमाला या दिवसांत घेऊ नका. प्रत्येक तास स्वतंत्र असावा, म्हणजे तीन दिवस चुकलेलं मूल चौथ्या दिवशी परकं होत नाही.

आईबाप बाहेरगावी कामाला जाणार असतील तर हंगामी वसतिगृहाचा (पालक बाहेरगावी असताना मुलांची गावातच सोय) प्रस्ताव कुटुंब निघण्याआधी द्या, नंतर उपयोग नाही. मूल सोबत गेलंच तर पालकांना सांगून ठेवा : दाखला नाही म्हणून तिथली शाळा प्रवेश अडवू शकत नाही, शिक्षण हक्क कायदा २००९ चं कलम ५ तसं सांगतं. वाचनपातळीची चिठ्ठी दप्तरात घालून द्या.

प्रश्न : कोलाम या आदिवासी जमातीच्या पोडावरची (वस्तीवरची) मुलं तपासणीत फारच मागे दिसतात. वेगळा गट करावा का?
– छात्राध्यापक, केळापूर तालुका

उत्तर : नको. आधी तपासणी सुधारा. त्यांची कोलामी भाषा द्रविड कुळातली, मराठीहून अगदी निराळी. तिच्यात नामांची विभागणी पुरुषवाचक आणि इतर अशी दोनच असते, त्यामुळे ‘ती झाड’, ‘तो पुस्तक’ असं मूल म्हणतं. ही वाचनाची चूक नव्हे, तिथं लाल रेघ मारू नका. उतारा मोठ्यानं वाचून घ्या आणि अर्थ कोलामीत विचारा. पोडावरचा दहावी-बारावी झालेला एखादा तरुण मदतीला घ्या, त्याचं मानधन करारातच लिहून ठेवा. अक्षरं जुळवता येतात पण मराठी शब्द माहीत नाही, अशी मुलं बरीच निघतील. त्यांना बाराखडीकडे परत नेऊ नका, रोज पाच-सहा नवे शब्द वस्तू किंवा चित्र दाखवून बोलते करा.