नाशिकहून दोन मुलांना घेऊन मुंबईला येतोय. लेझर टॅगसाठी (प्रकाशाच्या बंदुकीने एकमेकांना टिपायचा खेळ) मॉलमध्ये जावं की एखाद्या कुटुंबाने चालवलेल्या छोट्या जागी?

मॉल सोडा. घरची माणसं चालवतात तिथेच जा. का ते सांगते, जरा लांबेल.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात ताई, भावोजी आणि भाचरं नाशिकहूनच आमच्याकडे आली होती. राणीची बाग झाली, गेटवे झालं, तिसऱ्या दिवशी पोरं घरात एकमेकांना चावायला लागली. म्हणून घाटकोपरहून मेट्रो धरून सगळ्यांना मरोळला नेलं. तिथे एका इंडस्ट्रियल इस्टेटमधला जुना गाळा, मालाच्या लिफ्टने वर जायचं. काउंटरवर काकू पावत्या फाडतात, मुलगा बंदुका दुरुस्त करतो, आजोबा प्रत्येक खेळानंतर जॅकेटं ओल्या फडक्याने पुसून हँगरला लावतात. मॉलमध्ये आधीच्या माणसाचा घाम आपल्याला तिकिटातच मिळतो.

भावोजींनी जाहीर केलं, "पोरगा खेळेल. पोरीला नको. आधीच चष्मा आहे, लेझरने डोळे जायचे."

मला स्वतःला सातवीपासून चष्मा! मी तोंड उघडणार तेवढ्यात काकूंचा मुलगा पुढे झाला. भावोजींच्याच फोनचा सेल्फी कॅमेरा चालू केला, बंदूक समोर धरून चाप ओढला. नुसत्या डोळ्यांना काही नाही, स्क्रीनवर मात्र जांभळट ठिपका. "काका, टीव्हीच्या रिमोटमध्ये असतं तेच हे इन्फ्रारेड. छाती-खांद्यावरच्या सेन्सरला ते कळतं, बस." नाव तेवढं लेझरचं. 1984 साली अमेरिकेत डॅलसला असं सेंटर उघडलं, तेव्हापासून लोक खेळतायत, आंधळं कोणी झाल्याचं ऐकलं नाही. भावोजी "हं" म्हणाले आणि खाली चहाला गेले.

ते लिफ्टमध्ये शिरले तसं काकूंनी काही न बोलता एक जॅकेट काढून भाचीच्या अंगात चढवलं. गुडघ्यापर्यंत आलं. त्यात तिचा पांढरा टॉप. आतल्या अल्ट्राव्हायोलेट दिव्यांत कपडे धुण्याच्या पावडरीचा पांढरेपणा असा पेटतो, की पोरगी ट्यूबलाइटसारखी फिरत होती. सगळ्यांनी तिलाच टिपलं. शेवटचा नंबर आला. बाहेर आली ती चष्म्यावर वाफ आणि कान लाल, हसू आवरेना. काकूंनी पैसे घेतले नाहीत. "शेवटच्या आलेल्याकडून कसले घ्यायचे?"

गेल्या वर्षी तिच्या चष्म्याचा नंबर दोनवरून पावणेतीन झाला. वाढत्या वयात वाढतोच. पण घरच्या ग्रुपवर भावोजींचा निकाल लागलेला: "मावशीच्या गाळ्यामुळे."

तर गडद कपडे घाला, बूट घाला, चपलांवर सोडत नाहीत. आधी फोन करा, वाढदिवसाची पार्टी असली की छोटी जागा अख्खी बुक असते. रविवारी मेगाब्लॉक बघून निघा. धाकटं पाच-सहाच्या आतलं असेल तर जॅकेट त्याला झेपणार नाही. दम्याचा त्रास असेल तर आत धूर सोडतात, फिट येत असतील तर लुकलुकणारे दिवे असतात, तेव्हा विचारून घ्या. आणि हो, काही बंदुकांत नुसता दिसण्यापुरता खरा लाल लेझरही असतो, तो कोणाच्या डोळ्यांवर धरायचा नाही. एवढ्यापुरते भावोजी बरोबर.

ते इथली उत्तरं वाचतात, मला ठाऊक आहे. भावोजी, टीव्हीचा रिमोट घ्या, सेल्फी कॅमेरा उघडा आणि बटण दाबा.