कपाटात वाजणारा फोन

पत्र

माझं वय ३९. पाच महिन्यांपूर्वी नवऱ्याची नोकरी गेली. कंपनीने त्याचा अख्खा विभागच बंद केला. माझी नोकरी आहे, पण माझ्या पगारात घरखर्च आणि घराच्या कर्जाचा हप्ता एवढंच जेमतेम बसतं. बाकीचं तो साठवलेल्या पैशांतून भागवतोय, अशी माझी समजूत होती. गेल्या आठवड्यात कपाट आवरताना स्वेटरांच्या घड्यांमध्ये त्याचा जुना फोन सापडला. थरथरत होता. अकरा मिस्ड कॉल. मग मी कागद धुंडाळले. दोन क्रेडिट कार्डं मर्यादेपर्यंत वापरलेली, एक वैयक्तिक कर्ज, आणि कार्डाचं बिल भरण्यासाठी मोबाइल ॲपवरून घेतलेलं आणखी एक छोटं कर्ज. मी त्याला अजून काही बोलले नाही. माझी एक मुदत ठेव आहे, निवृत्तीसाठी बाजूला टाकलेली रक्कम आहे, भाऊही मदत करेल. वाटतं, माझ्या नावावर एकच मोठं कर्ज काढावं आणि गुपचूप सगळं फेडून टाकावं. सासूबाईंना आणि तेरा वर्षांच्या मुलीला नोकरी गेल्याचंच माहीत नाही. तो घरून काम करतो, असं आम्ही सांगितलंय.

ता. क. फोन मी होता तिथेच परत ठेवला आहे.

उत्तर

तुमचं पत्र वाचताना मी 'गुपचूप' या शब्दाशी अडखळले. त्याने गुपचूप कर्ज काढलं, आता तुम्हाला ते गुपचूप फेडायचंय. एका घरात एक चोरखातं आधीच आहे, तुम्ही दुसरं उघडायला निघालात. ते तेवढं उघडू नका. बाकी सगळ्यावर वाटाघाट होऊ शकते, यावर नाही.

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ज्याने केली त्याने क्रेडिट कार्डाचं व्याज पाहिलेलं नसणार. समजा, कार्डावर महिन्याला ३ टक्के व्याज लागतं आणि किमान देय रक्कम ५ टक्के आहे. तुमच्याकडे १०० बाकी असतील तर तुम्ही भरलेल्या ५ मधले ३ व्याजातच जातात. नवी खरेदी पूर्ण थांबवून नेमाने एवढंच भरत राहिलात, तरी बाकी निम्मी व्हायला सुमारे ३२ महिने लागतात. आणि काहीच भरलं नाही तर ती दोन वर्षांच्या आत दुप्पट होते, दंड वेगळा. मूठ झाकून ठेवायची किंमत ही अशी असते.

हे मी उंच खुर्चीवर बसून सांगत नाहीये. वीसेक वर्षांपूर्वी आमच्या घरी धंदा बसला तेव्हा कार्डाचं बिल माझ्याकडे होतं. मी किमान रक्कम भरायची आणि स्टेटमेंटचा लिफाफा न फोडता ड्रॉवरच्या तळाशी सारायची. नवऱ्याने विचारलं की म्हणायची, 'भरलं.' खोटं नव्हतंच म्हणा. ड्रॉवर बंद होईना तेव्हा त्याने तो ओढून बाहेर काढला. चौदा लिफाफे निघाले. भांडण पैशांवरून झालं नाही, लिफाफ्यांवरून झालं. म्हणून तुमच्या नवऱ्याने फोन स्वेटरांत का दडवला हे मला फार चांगलं कळतं. त्यात तुम्हाला फसवण्यापेक्षा स्वतःला ते न दिसण्याची सोय जास्त असते. याचा अर्थ तुम्ही चिडू नये असा नाही. चिडा, हक्क आहे तुमचा.

पण त्याआधी नोकरी गेलेल्या माणसाचं काय होतं ते थोडं समजून घ्या. १९३० च्या सुमारास ऑस्ट्रियात, व्हिएन्नाजवळच्या मारियेन्थाल या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. काही संशोधक तिथे जाऊन राहिले. त्यांनी काय काय मोजलं, तर लोक रस्त्यावरून किती वेगाने चालतात हेसुद्धा. पुरुष हळू चालत होते, वाटेत पुन्हा पुन्हा थांबत होते. बायका भरभर चालत होत्या, कारण त्यांचा पगार गेला होता, घरकाम कुठे गेलं होतं? वाचनालयाने फी माफ केली तरी पुस्तकं नेणारे घटले. वेळ भरपूर होता आणि तो कशालाच पुरत नव्हता. तुमच्या घरातही एकाचा वेळ असा सांडतोय आणि दुसरीला श्वास घ्यायला वेळ नाही. अशा वेळी सगळं ओझं तुम्ही एकटीने उचललंत, तर त्याच्या हातातलं उरलंसुरलं कामही जाईल.

म्हणून कर्जाचा हिशेब त्याच्या अक्षरात लिहिला जायला हवा. तुम्ही शेजारी बसा, कागद पुढे करा, पण पेन त्याच्या हातात द्या. प्रत्येक कर्जापुढे बाकी किती, व्याजदर काय, हप्ता किती, कोणत्या तारखेला, तारण काय ठेवलंय आणि सही कुणाकुणाची आहे, एवढं लिहा. शेवटचा रकाना तुमच्यासाठी फार मोलाचा आहे. घराच्या कर्जावर तुम्ही सहकर्जदार असाल, तर बँक सगळी रक्कम तुमच्याकडेही मागू शकते, अर्धी नव्हे. कुठे जामीनदार म्हणून सही केली असेल तर तिथेही तेच. जिथे सहीच नाही, ते कर्ज नुसतं लग्न झालंय म्हणून बहुतेक ठिकाणी आपोआप तुमचं होत नाही. मात्र नियम सगळीकडे सारखे नसतात, तेव्हा कागद एखाद्या वकिलाला दाखवा. आता तुमचा बेत या रकान्यावर ठेवून बघा. जी कर्जं आज तुमची नाहीत, ती स्वतःच्या सहीने तुम्ही स्वतःची करून घ्यायला निघाला होतात. शिवाय कार्डं रिकामी झाली आणि चालूच राहिली, तर ती पुन्हा भरायला वेळ लागत नाही. मग मोठं कर्जही राहतं आणि कार्डंही.

कर्जं एकत्र करणं मुळातच वाईट, असं माझं म्हणणं नाही. व्याज खरोखर कमी होत असेल, दोघांना सगळं माहीत असेल आणि कार्डं त्याच दिवशी बंद होणार असतील, तर पुढेमागे विचार करा. घरात दुसरा पगार सुरू झाल्यावर.

पैसे कुणाला आधी द्यायचे? जो जास्त ओरडतो त्याला आधी, असं सगळे करतात आणि तिथेच चुकतात. आधी पोट, वीज, औषधं, मुलीची फी. मग ज्याच्यामागे घर तारण आहे तो हप्ता, कारण तो थकला तर डोक्यावरचं छप्पर धोक्यात येतं. त्यानंतर व्याजाच्या उतरत्या क्रमाने. या क्रमात ते ॲपवालं छोटं कर्ज सगळ्यात वर येईल अशी माझी अटकळ आहे. अशा कर्जांत शुल्क आधीच कापून घेतात. मंजूर १००, हातात ९० आणि महिन्याने १०५ भरा, असा व्यवहार असेल तर तो एका महिन्याला साडेसोळा टक्क्यांच्या वर जातो. आकडा छोटा म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. तुमच्या ठेवीला वर्षाला जे व्याज मिळतं, ते इथे दोन आठवड्यांत उडून जात असेल. तेव्हा ठेव मोडायचीच असेल तर यासाठी मोडा, पण सगळी नको. निदान दोन महिन्यांचा घरखर्च हाताशी राहू दे. नाहीतर पुढचं आजारपण पुन्हा कार्डावरच जाईल.

निवृत्तीच्या रकमेला हात लावू नका. साठीत तुम्हाला सहजासहजी कुणी कर्ज देणार नाही.

आता बँक. हप्ता चुकायच्या आधी गेलात तर तुम्ही अडचणीतले ग्राहक असता, चुकल्यावर गेलात तर थकबाकीदार. समोरचा कर्मचारी तोच असतो, पण त्याच्याकडचे पर्याय बदललेले असतात. तुमचा घराचा हप्ता अजून थकलेला नाही, ही तुमची जमेची बाजू आहे. सध्या तो पेलतोय तर चालू ठेवा. पेलेनासा होईल असं दिसायला लागलं, की त्याच आठवड्यात लेखी अर्ज द्या. बँक बहुधा काही महिने हप्ते थांबवण्याची सवलत पुढे करेल. ऐकायला गोड वाटते, पण थांबतो तो हप्ता, व्याज चालूच असतं. वीस वर्षांचं, ९ टक्क्यांचं कर्ज धरा, तीन वर्षं फेडून झालेलं. सहा महिने काहीच भरलं नाही, ते व्याज मुद्दलात चढलं आणि पुढे हप्ता तेवढाच ठेवला, तर उरलेल्या २०४ हप्त्यांचे सुमारे २२८ होतात. सहा महिन्यांच्या श्वासाला चोवीस जादा हप्ते! 'तोवर फक्त व्याज भरू द्या' हा पर्याय मागितलात तर मुद्दल वाढत नाही. पण त्यातून सुटका थोडीच मिळते, कारण या टप्प्यावर हप्त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग व्याजाचाच असतो. तिसरा पर्याय मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याचा. तिन्हींचे आकडे कागदावर मागा आणि घरी येऊन ठरवा. बँकेत बसल्या बसल्या सही करू नका.

कार्डाच्या कंपनीशी आणि वैयक्तिक कर्जवाल्यांशी मात्र त्याने बोलावं, तुम्ही नाही. कार्डाची बाकी कमी व्याजाच्या ठरावीक हप्त्यांत बदलून मिळते का, हे विचारायचं. थोडी रक्कम घेऊन खातं मिटवण्याची 'तडजोड' कुणी सुचवली तर ती पतनोंदीवर, म्हणजे क्रेडिट रिपोर्टवर, वर्षानुवर्षं दिसत राहते, हे लक्षात ठेवून उत्तर द्यायचं. वसुलीच्या फोनचंही तसंच. रोज अकरा फोन न उचलण्यापेक्षा एक उचलावा, 'अमुक तारखेला लेखी प्रस्ताव देतो' असं सांगावं आणि वेळ व बोलणाऱ्याचं नाव वहीत टिपून ठेवावं. धमकी, शिवीगाळ किंवा ओळखीच्यांना फोन करणं सुरू झालं, तर ते वसुलीत बसत नाही. सगळं जपून ठेवून तक्रार करा.

दोन गोष्टी धावत्या घाईत राहून जातात म्हणून सांगते. नोकरीबरोबर कंपनीचा आरोग्य विमाही जातो. तो गेलाय का हे आजच बघा आणि तुमच्या कंपनीच्या विम्यात त्याला घेता येत असेल तर घ्या. दुसरं, कर्ज घेताना पुष्कळदा हप्त्याच्या संरक्षणाचा विमा गळ्यात मारलेला असतो आणि आपण तो विसरून जातो. त्यात नोकरी जाण्याचं कलम आहे का ते वाचा. असलं तर दाव्याची मुदत असते, पाच महिने उलटलेत.

भावाकडून घ्यायचे तर घ्या, पण नवऱ्याला माहीत असताना. रक्कम, परतीची तारीख आणि दोघांच्या सह्या असलेला एक साधा कागद करा. भाऊ म्हणेल, 'अगं, आपल्यात कसला कागद?' तरी करा. वहिनीही त्या घरात राहते.

सासूबाईंचं आणि लेकीचं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही, हे जुन्या माणसांना आपल्यापेक्षा चांगलं ठाऊक असतं. मला तर वाटतं, सासूबाईंना संशय आलेलाच असणार. घरून काम करणारा माणूस दिवसभर फोन टाळतो, हे त्यांना दिसत नसेल? आईला मुलानेच सांगू दे. मुलीला आकडे सांगायची गरज नाही. बाबांची नोकरी गेली आहे, ते दुसरी शोधताहेत, काही महिने खर्च कमी करायचाय आणि तिची शाळा चालू राहणार आहे, एवढं पुरे. शाळेचं वाक्य आधी सांगा. तिच्या डोक्यात पहिला प्रश्न तोच येईल.

एका गोष्टीत थांबू नका. त्याची झोप उडाली असेल, तो दिवसभर पडून राहत असेल, 'माझ्यामागे निदान विम्याचे पैसे तरी येतील' यासारखं काही बोलला असेल, तर कर्जाची वही बाजूला ठेवा. त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या. तेव्हा बँक थांबेल.

आणि तुमचा ताजा कलम. पत्रातली मला सगळ्यात जड वाटलेली ओळ तीच. फोन तुम्ही परत ठेवलात म्हणजे आता तुम्ही दोघं मिळून तो लपवताय, फक्त एकमेकांना न सांगता. आज मुलगी झोपली की तो काढून आणा. 'कधीपासून? का नाही सांगितलंस?' हे प्रश्न येतील तोंडावर. ते उद्यासाठी राखून ठेवा, उद्या मनसोक्त विचारा. आज फक्त म्हणा, 'हा मला गेल्या आठवड्यात सापडला, मी कागदही पाहिलेत, आणि मीसुद्धा आठवडाभर गप्प राहिले.' मग फोन चार्जिंगला लावा. बाहेरच्या खोलीत.