संगणक मध्येच बंद पडतो तेव्हा

प्रश्न : माझा घरचा डेस्कटॉप संगणक पाच वर्षांचा आहे. गेल्या काही आठवड्यांपासून तो चालू असताना अचानक बंद पडतो. पडद्यावर कसलीही सूचना येत नाही. लगेच सुरू केला तर काही मिनिटांतच पुन्हा बंद पडतो, अर्ध्या तासाने सुरू केला तर बराच वेळ नीट चालतो. टायपिंग करताना सहसा त्रास होत नाही, पण मुलगा गेम खेळायला बसला की हमखास बंद पडतो. विंडोज नव्याने टाकून पाहिले, फरक पडला नाही. एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा आतला डबा, बदलावा लागेल असे दुकानदाराचे म्हणणे आहे. बदलावा का?

उत्तर : इतक्यात बदलू नका. आपण दिलेल्या वर्णनातच निदानाचा मोठा भाग आलेला आहे. विश्रांतीनंतर बराच वेळ चालणे, लगेच सुरू केल्यास लवकर बंद पडणे आणि गेमसारख्या जड कामाच्या वेळीच हे घडणे, ही तिन्ही लक्षणे प्रोसेसर, म्हणजे संगणकाची मुख्य चिप, तापण्याकडे बोट दाखवतात. प्रोसेसर तापू लागला की आधी स्वतःची गती कमी करतो. तरीही तापमान मर्यादेपलीकडे, म्हणजे बहुतेक प्रोसेसरांच्या बाबतीत 100 अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून थोडे वर गेले, तर जळू नये म्हणून संगणकाची वीजच तोडली जाते. विंडोजला नोंद करण्याचीही सवड मिळत नाही, म्हणून पडद्यावर काही दिसत नाही. नंतर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद सापडेल, पण तिचा अर्थ संगणक मागच्या वेळी रीतसर बंद झाला नव्हता एवढाच असतो. बंद का पडला, हे ती सांगत नाही.

खात्री करण्यासाठी संगणक सुरू होताच बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालणाऱ्या मदरबोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये, जा आणि तापमान दाखवणारे पान उघडून काही मिनिटे तसेच ठेवा. तेथे विंडोज चालूच झालेले नसते, त्यामुळे संगणक तेथेही बंद पडला तर विंडोजला दोष देण्याचे कारण उरत नाही. काहीही काम नसताना आकडा 80-90 अंशांपर्यंत चढत गेला, तर कूलर, म्हणजे प्रोसेसर थंड ठेवणारा पंखा आणि त्याखालच्या धातूच्या पट्ट्या, आपले काम करत नाही हे नक्की समजा.

त्यानंतर संगणक बंद करून वायर बोर्डातून काढा, पॉवरचे बटन काही सेकंद दाबून उरलेली वीज जाऊ द्या आणि कॅबिनेटचे झाकण उघडा. कूलरचा पंखा वरून स्वच्छ दिसला तरी समाधान मानू नका. पंखा काढल्यावर खालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांवर धुळीचा घोंगडीसारखा जाड थर बसलेला पुष्कळदा आढळतो, आणि हवा नेमकी तेथेच अडते. मऊ ब्रशने तो काढा. हवेचा झोत मारणार असाल तर पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवा, कारण पंखा झोताने भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग खराब होऊ शकते. कूलर प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांवर बसवलेला असेल तर प्रत्येक खुंटी हलवून पाहा. एक जरी सुटलेली असली तरी कूलर प्रोसेसरवर सपाट टेकत नाही, आणि हा दोष वरवर पाहून लक्षात येत नाही. प्रोसेसरची उष्णता कूलरपर्यंत पोचवणारी, दोहोंच्या मधली थर्मल पेस्टही पाच वर्षांत वाळलेली असू शकते. कूलर काढावा लागलाच तर जुनी पेस्ट पूर्ण पुसून नवी अगदी थोडी, मधोमध लावा.

हे सर्व करूनही संगणक गेमच्या वेळी बंद पडत राहिला आणि तापमान मात्र ठीक दिसले, तर दुकानदाराचा संशय विचारात घ्यावा. ग्राफिक्स कार्ड एकदम जास्त वीज ओढते, त्या क्षणी थकलेला एसएमपीएस कच खातो. एसएमपीएसमधून येणारी 12 व्होल्टची लाइन 11.4 ते 12.6 व्होल्टच्या दरम्यान राहायला हवी, परंतु बायोसमध्ये दिसणारा आकडा भार नसतानाचा आणि ढोबळ असतो, म्हणून पुरेशा क्षमतेचा दुसरा चांगला एसएमपीएस तात्पुरता जोडून पाहणे हीच खरी चाचणी. जुना एसएमपीएस स्वतः उघडू मात्र नका. वायर काढल्यानंतरही त्यातील वीज साठवणाऱ्या कपॅसिटरमध्ये 300 व्होल्टहून अधिक दाब शिल्लक राहू शकतो.

प्रश्न : आमचा संगणक बटन दाबताच सुरू होतो आणि चार-पाच सेकंदांत बंद होतो. हेही तापल्यामुळेच होत असेल का?

उत्तर : इतक्या ठरावीक वेळाने बंद होत असेल तर आधी पॉवरचे बटन तपासा. बटन सुमारे चार सेकंद दाबून धरले की संगणक बंद होतो, आणि आत अडकून राहिलेले बटन तेच करते. मदरबोर्डवरून, म्हणजे आतल्या मुख्य सर्किट बोर्डवरून, या बटनाची दोन पिनांची वायर काढा आणि त्या दोन पिना स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने क्षणभर एकमेकींना जोडा. आता संगणक सुरू राहिला तर फक्त बटन बदलावे लागेल.