पास आहे, पण जागा आहे का?
वाचकांचे प्रश्न : रेल्वेने परदेशप्रवास

यावेळी रेल्वेची बरीच पत्रे आली. संपादकांनी ती माझ्याकडे सरकवली, कारण माझी सगळी नोकरी तिकीट तपासण्यात गेली. सुरुवात वास्को-लोंढा मीटरगेजवर, शेवट मडगावला. निवृत्तीनंतर लेक व्हिएन्नात आहे म्हणून तीनदा तिकडे जाऊन आलो आणि विमानापेक्षा गाडीतच जास्त बसलो. त्या भरवशावर लिहितो.

प्रश्न : मी ६३ वर्षांचा, पत्नी ५८. मुलगा, सून आणि सात वर्षांचा नातू धरून पाचजण मे महिन्यात युरोपला जाणार आहोत. पॅरिसला तीन रात्री, इंटरलाकेनला चार, व्हेनिसला दोन, व्हिएन्नात तीन, म्युनिकला दोन, फ्रँकफर्टला एक आणि तिथूनच विमान. एका एजंटने सांगितले, १५ दिवसांचा युरेल पास (युरोपातल्या अनेक देशांच्या गाड्यांना चालणारा) घ्या आणि दिसेल त्या गाडीत बसा. घ्यावा का? पॅरिसला उतरतो म्हणजे व्हिसा फ्रान्सचाच ना?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : व्हिसाचे आधी सांगतो, कारण तिथे चूक झाली तर पुढचे सगळे फुकट. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, ज्या देशात पहिल्यांदा उतरता त्याचा काढत नाहीत, ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम त्याचा काढतात. तुमच्या चार रात्री स्वित्झर्लंडमध्ये आहेत, फ्रान्स, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत तीन-तीन. म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडे. तो देश युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे. उतरायचा देश फक्त मुक्काम सगळीकडे सारखे असतील तेव्हा बघतात. प्रवासविमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. आणि उद्या एखादी रात्र इकडची तिकडे केलीत, तर रात्री पुन्हा मोजा.

आता पास. तुम्ही सहलीचे दिवस मोजलेत, गाडीत बसायचे दिवस मोजले नाहीत. कागद घ्या. पॅरिस ते इंटरलाकेन, एक. इंटरलाकेनहून मिलानवरून व्हेनिस, दोन. व्हेनिस ते व्हिएन्ना, तीन. व्हिएन्ना ते म्युनिक, वाटेत साल्झबर्गला उतरून जेवलात तरी तो एकच दिवस, चार. म्युनिक ते फ्रँकफर्ट, पाच. झाले. १५ दिवसांचा पास घेऊन दहा दिवस तो खिशात बाळगून पायी फिरणार का? युरेलमध्ये महिन्याभरात कुठलेही ४, ५ किंवा ७ दिवस निवडायचे पास मिळतात. तुम्हाला पाचाचा पुरतो. दिवस म्हणजे मध्यरात्र ते मध्यरात्र, त्यात कितीही गाड्या बदला. रात्रीची गाडी असेल आणि मध्येच ती बदलायची नसेल, तर निघाल्याचा दिवस तेवढा धरतात.

वयाचा हिशेब असा. साठी पार केल्यावर सुमारे दहा टक्के सवलत, म्हणजे ती तुम्हाला मिळेल, वहिनींना नाही. चार ते अकरा वर्षांच्या मुलाला मोठ्या माणसाबरोबर पास फुकट. पण फुकट म्हणजे आपोआप नव्हे. पास घेताना नातवाचाही शून्य युरोंचा पास मागून घ्यायचा.

"दिसेल त्या गाडीत बसा" हे मात्र अर्धेच खरे. पास म्हणजे भाडे. जागा नव्हे. आपल्याकडे मडगावला महिन्याचा पास काढून लोक रिझर्व्हेशनच्या डब्यात चढायचे आणि माझ्याशी हुज्जत घालायचे. तेच इथे. पॅरिसहून स्वित्झर्लंडला जाणाऱ्या टीजीव्ही लिरियाला आरक्षण सक्तीचे आहे, त्याचे पैसे वेगळे, आणि पासवाल्यांसाठी ठेवलेल्या जागा मोजक्या. तुम्ही पाचजण, म्हणजे लवकर हालचाल करा. स्वित्झर्लंडहून इटलीत उतरणाऱ्या गाडीलाही आरक्षण लागते. मिलान-व्हेनिस वेगवान फ्रेचारोसाला लागते, साध्या प्रादेशिक गाडीला लागत नाही, मात्र तिला व्हेरोनाला बदलावे लागेल आणि वेळ जास्त जाईल. ऑस्ट्रियातली रेलजेट आणि जर्मनीतली आयसीई या दोन्हींत सहसा आरक्षणाशिवाय बसता येते. पण नातू बरोबर आहे, थोडे युरो टाकून जागा धरा. डब्याच्या दारापाशी बॅगांवर बसून म्युनिक गाठायचे वय तुमचे नाही, माझेही नाही. आणि इटलीतली इतालो कंपनी या पासात बसत नाही. स्टेशनवर तिची लाल गाडी चकचकीत दिसते म्हणून चढू नका.

आता माझे मत, एजंटला आवडणार नाही असे. तुमच्या तारखा ठरलेल्या, व्हिसाला हॉटेलांची बुकिंगे दाखवायची आहेतच. अशा माणसाला पासाची मोकळीक फारशी उपयोगी पडत नाही. दोन-तीन महिने आधी सुटी तिकिटे बघा. ऑस्ट्रियात त्या स्वस्त तिकिटाला श्पारशीने म्हणतात, जर्मनीत श्पारप्राइस. ती त्याच गाडीला बांधलेली असतात, गाडी चुकली तर पैसे गेले. एका रकान्यात पाच प्रवासांची सुटी तिकिटे, दुसऱ्यात पास अधिक आरक्षणे, अशी पाचही जणांची बेरीज करा. दुसरा रकाना थोडासाच जड निघाला तर मी पास घेईन. व्हेनिसला पाऊस लागला, नातवाला ताप आला, तर निदान निघायचा दिवस पुढे ढकलता येतो.

इंटरलाकेनच्या चार दिवसांत युरेलचे दिवस जाळू नका. फिरणार असाल तर स्विस ट्रॅव्हल पास बघा. तो ३, ४, ६, ८ किंवा १५ सलग दिवसांचा असतो, त्यात गाड्या, बसगाड्या, तळ्यावरच्या बोटी आणि पाचशेहून अधिक संग्रहालये येतात, आणि आईबापांबरोबर नातू फुकट. युंगफ्रौयोखला मात्र पूर्ण चालत नाही, सवलत मिळते. ते स्टेशन ३,४५४ मीटरवर आहे, १९१२ पासून चालू. वर गेल्यावर पहिली दहा मिनिटे नातवाला पळू देऊ नका.

व्हेनिस-व्हिएन्ना दिवसाच्या गाडीने करा. सात-आठ तास लागतात, रात्रीची गाडी सोयीची वाटते, पण आल्प्स झोपेत ओलांडायला फोंड्याहून इतक्या लांब कशाला जायचे? डबा बरोबर ठेवा. आमच्या हिने नेवऱ्या आणि चिवडा नेला होता, समोरच्या ऑस्ट्रियन आजीबाईंनी दोन नेवऱ्या मागून खाल्ल्या.

एक फजिती सांगतो. हल्ली पास फोनवर असतो. तो एकदा सुरू करायचा हे सगळ्यांना ठाऊक असते. पण प्रत्येक गाडी चढण्याआधी ॲपमध्ये त्या पासात घालावी लागते, तेव्हाच त्या दिवसाचा क्यूआर कोड तयार होतो. पहिल्या खेपेस मी पास सुरू केला, ऐटीत खिडकीशी बसलो, बाहेर द्राक्षांचे मळे. तपासनीस बाई आल्या. मी फोन पुढे केला. त्यांनी पाहिला, मान हलवली, आणि इतक्या नम्रपणे मला विनातिकीट ठरवले की मीही माझ्या नोकरीत कुणाला तसे ठरवले नसेल. मी गडबडीने गाडी घालायला लागलो, तर बोगदा, नेट नाही. दंड भरला. पावती हातात आल्यावर सवयीने तारीख आणि रक्कम तपासली. ही शेजारी बसून हसत होती, आणि तिला हसायचा हक्क होता. चढण्याआधी, फलाटावर, नेट असताना हे काम उरका.

साल्झबर्गहून म्युनिककडे जाताना जर्मन पोलीस डब्यात येऊन पासपोर्ट बघतात. शेंगेन असले तरी बघतात. पासपोर्ट बॅगेच्या तळाशी, लोणच्याच्या बरणीखाली नको.

प्रश्न : माझा मावसभाऊ पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडमध्ये स्विंडनला राहतो. दोघांनी मिळून लंडन, पॅरिस, ॲमस्टरडॅम करून परत लंडनला यायचे आहे. तो म्हणतो, इंटररेल पास घे, मीही तोच घेतो. मी २४ वर्षांचा, भारतीय पासपोर्ट.
— एक वाचक, साखळी

उत्तर : तो घेईल इंटररेल, तुम्ही घ्याल युरेल. इंटररेल युरोपात राहणाऱ्यांसाठी, १९७२ पासून आहे. युरेल बाहेरून येणाऱ्यांसाठी, १९५९ पासून. बसायचे त्याच गाडीत, शेजारी-शेजारी. २७ वर्षांपर्यंत तरुणांचा दर लागतो, तो मागा. एक फरक लक्षात ठेवा. इंटररेलवाल्याला स्वतः राहतो त्या देशात बाहेर जायचा एक आणि परत यायचा एक असे दोनच प्रवास मिळतात. तुम्ही पास दाखवून एडिंबरोला निघालात तर मावसभावाला खिशातून तिकीट काढावे लागेल.

पण तुमच्या दौऱ्यात मुळात पासाची गरजच किती आहे? लंडन-पॅरिस आणि ॲमस्टरडॅम-लंडन युरोस्टार, पॅरिस-ॲमस्टरडॅमलाही बहुधा तीच. तिन्ही ठिकाणी पासावर आरक्षणाचे वेगळे पैसे, आणि पासवाल्यांच्या जागा लवकर संपतात. तीन तिकिटे सुटी काढा, जितकी आधी तितकी स्वस्त.

व्हिसा दोन लागतील, ब्रिटनचा वेगळा आणि शेंगेनचा वेगळा. ब्रिटनमध्ये परत शिरायचे आहे, तो व्हिसा तेव्हाही चालू असायला हवा. आणि लंडनहून पुन्हा एकदा पलीकडे जायचा मोह होणार असेल तर शेंगेनचा व्हिसा अनेक प्रवेशांचा मागा, एकदाचा दिला तर दुसऱ्यांदा आत घेणार नाहीत. लंडनला सेंट पँक्रासवर फ्रान्सची पासपोर्ट तपासणी गाडीत चढण्याआधीच होते. मावसभावाची रांग वेगळी, तुमची वेगळी आणि लांब. त्याच्या वेळेच्या भरवशावर घरून निघू नका.

प्रश्न : आजी सांगायची की पूर्वी गोव्यातून बेळगावला जाताना गाडीत झडती व्हायची. खरे आहे का, की आजीच्या गोष्टी?
— एक वाचक, सावर्डे

उत्तर : खरे आहे. आपली मुरगाव-कॅसलरॉक गाडी ही दोन राज्यकर्त्यांमधली गाडी होती. १८८० च्या दशकात ही लाइन झाली, मुरगाव बंदरातला माल घाटावर न्यायला. कुळ्यापर्यंत आणि पुढे ब्रागांझा घाटात दूधसागरापर्यंत पोर्तुगीज हद्द, कॅसलरॉकला ब्रिटिश. १९४७ नंतर तिथे भारत आला, गोवा होता तिथेच राहिला. १९५५ च्या सत्याग्रहानंतर नाकेबंदी झाली आणि गाडी बंद पडली.

मी नोकरीला लागलो तेव्हा जुने लोक कुळे स्टेशनला अजून सरहद्दच म्हणायचे. माझ्या आजीचे माहेर बेळगावचे. ती सांगायची, ट्रंक दोनदा उघडावी लागे, एकदा कुळ्याला पाकल्यांसमोर, म्हणजे पोर्तुगिजांसमोर, आणि एकदा कॅसलरॉकला. एकदा बाळंतपणाहून परतताना झडतीत सापडू नये म्हणून तिने नवी इरकली साडी जुन्या लुगड्याखाली नेसली, आणि उन्हाळ्यात घाटभर दोन लुगड्यांत उकडत बसली. शिपायाने ट्रंकेतला बेळगावी कुंदा तेवढा हुंगून परत ठेवला.